ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत कोण नेणार?

बारावीचा निकाल लागला आणि घरात दोन दिवस पेढे वाटण्यात गेले. तिसऱ्या दिवशी खरा विषय निघाला. थोरलीला विज्ञान शाखेत पुढे शिकायचे होते आणि तिला हवा असलेला अभ्यासक्रम नागपुरात शंकरनगरकडच्या एका महाविद्यालयात होता. आम्ही राहतो कामठीत. आम्ही दोघेही नवरा-बायको शिक्षक. इतरांच्या मुलींना शिकवा म्हणून पालकसभेत सांगत आलो, आता प्रश्न आमच्या उंबऱ्यावर आला होता.

दादी, म्हणजे यांच्या अम्मी, शिक्षणाच्या विरोधात मुळीच नाहीत. नातीच्या निकालाच्या दिवशी शुकराण्याची नफल नमाज सर्वांत आधी त्यांनीच अदा केली. पण त्यांचा प्रश्न साधा आणि अडचणीचा होता. आम्ही उत्साहाने सांगितले की आता मेट्रो झाली आहे, ऑटोमोटिव्ह चौकातून बसले की गार हवेत थेट शहरात. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "बेटा, गाडी चांगलीच असेल. पण गाडीपर्यंत कोण नेणार? आणि संध्याकाळी तिथून कोण आणणार?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. सांगायला लाज वाटते, पण कामठीत इतकी वर्षे राहून आम्ही स्वतः मेट्रोत दोनदाच बसलो होतो, तेही पाहुण्यांना फिरवायला. म्हणून ठरवले की प्रवेशाची मुदत संपण्याआधी एका रविवारी सगळ्या घराने तो रस्ता चालून पाहायचा. दादी, थोरली, सहावीतला धाकटा आणि आम्ही दोघे. सोबत पाण्याच्या बाटल्या, डबा आणि एक छोटी वही. वहीत वेळ लिहायची जबाबदारी धाकट्याची.

पहिला टप्पा, सर्वांत अवघड

आमच्या मनात एक जुनी सल होती, ती आधी सांगतो. मेट्रो आमच्या बाजूला आली नव्हती तेव्हाची गोष्ट. आमच्या शाळेतली एक हुशार मुलगी बारावीनंतर नागपूरला जाऊ लागली आणि तीन महिन्यांत घरी बसली. कारण विचारायला गेलो तेव्हा तिची आई म्हणाली, "सर, पोरगी रोज रडत घरी येते. ऑटोत माणसं कोंबून बसवतात." त्या दिवशी आम्ही चहा पिऊन परत आलो. दुसरा मार्ग सुचवला नाही, कारण सुचला नाही. आज ती दोन मुलांची आई आहे. रस्त्यात भेटली की अजूनही सलाम करते आणि आम्हीच नजर चुकवतो.

तेव्हा या रविवारी निघालो ते शेअर ऑटोने, मुद्दाम. थोरली रोज जाणार असेल तर जसे जाईल तसेच. सकाळी आठला स्टँडवर उभे राहिलो. पहिल्या ऑटोत जागा नव्हती, दुसऱ्यात तिघांचीच होती. तिसऱ्यात पाचही जण बसलो. रस्ताभर मेट्रोच्या पुढच्या मार्गाचे काम चालू आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. हा टप्पा ४३.८ किलोमीटरचा आहे, त्यात ३२ स्थानके आहेत आणि त्यातला एक फाटा ऑटोमोटिव्ह चौकातून कामठीमार्गे कन्हान नदीपर्यंत, सुमारे १३ किलोमीटर, येणार आहे. तो पूर्ण झाला की दादीचा प्रश्नच उरणार नाही. पण थोरलीचे महाविद्यालय याच वर्षी सुरू होणार होते.

ऑटोमोटिव्ह चौकात उतरलो तेव्हा धाकट्याने वहीत लिहिले: घरातून निघाल्यापासून पंचेचाळीस मिनिटे.

वरून दिसलेले गाव

स्थानकावर मात्र दादींचा चेहरा बदलला. लिफ्ट होती, बसायला जागा होती, प्रसाधनगृह स्वच्छ होते आणि सुरक्षेसाठी उभी असलेली मुलगी त्यांना हात धरून आत घेऊन गेली. गाडीत महिला आणि वृद्धांसाठी राखीव जागा होती. खिडकीजवळ बसून त्या म्हणाल्या, "हे तर विमानासारखं आहे." विमानात त्या एकदाच बसल्या आहेत, हजला जाताना.

नागपूर मेट्रोचे दोन मार्ग आहेत. उत्तर-दक्षिण जाणारा नारंगी मार्ग ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि पूर्व-पश्चिम जाणारा ॲक्वा मार्ग प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर. दोन्ही सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. मार्च २०१९ मध्ये सीताबर्डी-खापरीने सुरुवात झाली, जानेवारी २०२० मध्ये लोकमान्यनगरची बाजू सुरू झाली आणि आमची उत्तरेची व प्रजापतीनगरची बाजू ११ डिसेंबर २०२२ रोजी खुली झाली. म्हणजे कामठीकरांच्या वाट्याला ही सोय सर्वांत शेवटी आली, आणि तीही अर्ध्या वाटेवर.

गड्डीगोदामजवळ गाडी हळू झाली. धाकटा काचेला नाक लावून मोजू लागला: सर्वांत खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर आपण. एकाच ठिकाणी चार मजली वाहतूक! रेल्वेवरचा हा लोखंडी पूल १,६०० टनांहून अधिक वजनाचा आहे, असे आम्ही त्याला सांगितले, तेव्हा त्याने वहीत वेळेच्या रकान्यात तेही लिहून टाकले.

पुढे कस्तुरचंद पार्कचे मोठे मैदान आले. ज्या सर कस्तुरचंद डागांच्या नावाने हे मैदान आहे, ते आपल्या कामठीचेच पेढीवाले. १८२१ साली इंग्रजांनी कामठीला छावणी वसवली, त्यामागे व्यापारी आले, उत्तरेकडून आपले मोमीन विणकर आले आणि हे गाव वाढले. त्यापुढे झिरो माइलचा दगडी खांब आणि त्याचे चार घोडे. "म्हणजे शहराच्या मधोमध कामठीचं नाव आहे," दादी म्हणाल्या. त्यांना हे आवडले.

सीताबर्डीला गाडी बदलली. फलक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आहेत, चुकायचे म्हटले तरी कठीण. तिथून तिसरे स्थानक शंकरनगर चौक. महाविद्यालयाचे फाटक रविवारी बंद होते, पण स्थानकापासून फाटकापर्यंत थोरली एकटी चालत गेली आणि एकटी परत आली. आम्ही मागे थांबून पाहत होतो. पदपथ रुंद आहे, दुकाने आहेत, वर्दळ आहे. धाकट्याने वही दाखवली: ऑटोमोटिव्ह चौकापासून फाटकापर्यंत, गाडी बदलण्यासह, पस्तीस मिनिटे. म्हणजे जवळच्या अंतराला पंचेचाळीस आणि दूरच्या अंतराला पस्तीस!

दोन तलाव

आता आलोच आहोत तर मुलांना पाणी दाखवू, म्हणून त्याच मार्गाने पुढे सुभाषनगरला गेलो. अंबाझरी हा नागपुरातला सर्वांत मोठा तलाव. मार्ग तलावाच्या बांधाजवळून जातो, त्यामुळे गाडीतूनच पाणी दिसू लागते. कधीकाळी हाच तलाव शहराची तहान भागवत असे. ज्या नाग नदीवरून शहराला नाव मिळाले, तिचा प्रवाह याच भागातून शहरात शिरतो. पण हे पाणी नुसते शोभेचे नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत धो-धो पाऊस कोसळला, तलाव ओसंडून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत घरे पाण्याखाली गेली. आम्ही मुलांना सांडव्याची बाजू दाखवली आणि सांगितले की नदी-नाल्याची जागा अडवली की पाणी आपली वाट स्वतः काढते. झाडाखाली डबा उघडला. दादींनी चप्पल काढून गवतावर पाय ठेवले. म्हणाल्या, "किती वर्षांनी असं बसले." आमच्या मोहल्ल्यात बायकांना बसायला अशी जागा नाही, हे आम्हाला त्या क्षणी पहिल्यांदा नीट जाणवले.

परतीला त्याच मार्गाने सीताबर्डीच्या पुढे एक स्थानक, कॉटन मार्केट. तिथून गांधीसागर आणि त्याच्यासमोरचे रमण विज्ञान केंद्र जवळ आहे. विज्ञान केंद्र १९९२ पासून आहे. धाकट्याला तिथून बाहेर काढायला कष्ट पडले. गांधीसागराचे जुने नाव मात्र आमच्या वाचकांना ठाऊक असायला हवे: जुम्मा तलाव, म्हणजेच शुक्रवारी तलाव. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने इस्लाम स्वीकारला होता. त्याने १७०२ च्या सुमारास इथल्या बारा वाड्या जोडून नागपूर शहर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने शहराला तट बांधला आणि नाल्यावर बांध घालून हा तलाव केला. शाळेत आम्ही हे शिकवतो. पण काठावर उभे राहून स्वतःच्या मुलांना सांगताना आवाज वेगळा येतो. हे शहर ज्यांनी वसवले त्यात आपले, गोंडांचे, भोसल्यांचे, सर्वांचेच हात आहेत. त्यामुळे ते नीट ठेवायची जबाबदारीही सर्वांची. काठावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या पाहून थोरली म्हणाली, "अब्बू, यातल्या काही आपल्याकडूनच आल्या असतील ना?" आम्ही आपली रिकामी बाटली पिशवीत परत ठेवली.

आणखी दोन स्थानके पुढे गेले की दोसर वैश्य चौक, आणि तिथून मोमीनपुरा हाकेच्या अंतरावर. मोमीनपुरा दादींचे माहेर. ईदच्या खरेदीला आपण सगळे तिथे जातोच, पण दरवेळी ऑटोची घासाघीस करत. त्या दिवशी दादी भाच्याच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा भाचा म्हणाला, "फुफी, मेट्रोनं?" जोहरची नमाज तिथेच झाली, जेवणही. दादी दुपारभर सगळ्यांना विमानासारखी गाडी कशी असते ते सांगत होत्या. आम्हाला वाटले, जिंकलो.

संध्याकाळची परीक्षा

पण दादींना ठाऊक होते की खरी परीक्षा संध्याकाळी आहे. त्यांनीच सांगितले, "सहाच्या आधी निघायचं नाही. पोरगी त्याच वेळी परतेल ना?"

सहाला निघालो. मेट्रोचा भाग पुन्हा सुखाचा. ऑटोमोटिव्ह चौकात खाली उतरलो आणि गर्दी दिसली. एका ऑटोवाल्याने दादींकडे पाहून जागा केली, पण पुढच्या बाकावर, चालकाशेजारी. ते आम्ही नाकारले. पुढच्या ऑटोत मागे चौघे असताना पाचवा बसवायचा त्याचा आग्रह होता. बसची वाट पाहिली. घरी पोचेपर्यंत मगरिब घराबाहेरच झाली. वहीत शेवटची नोंद: चौकातून घरापर्यंत एक तास दहा मिनिटे.

रात्री सगळे वहीभोवती बसलो. दादी बरोबर होत्या. मेट्रो चांगलीच होती, अडचण होती ती मेट्रोच्या आधीच्या आणि नंतरच्या रस्त्याची. पण आता निदान अडचण कुठे आहे हे नेमके कळले होते. पूर्वी आम्ही "नागपूर लांब आहे" असे म्हणत होतो. खरे तर नागपूर लांब नव्हते, ऑटोमोटिव्ह चौक लांब होता.

आम्ही जे ठरवले ते सांगतो, कदाचित दुसऱ्या घरालाही उपयोगी पडेल. सकाळी यांनी शाळेच्या आधी तिला स्कूटरवरून चौकात सोडायचे. संध्याकाळसाठी मोहल्ल्यातल्या पालकांशी बोललो. शहरात जाणाऱ्या आणखी तीन मुली निघाल्या. त्यातल्या दोघींचे पालक प्रवेश न घेण्याच्याच विचारात होते. चौघींनी मिळून एक ओळखीचा, वयस्क ऑटोवाला महिन्याच्या बोलीवर ठरवला. तो सव्वासहाला स्थानकाच्या दाराशी उभा राहतो आणि चौघींखेरीज कोणाला बसवत नाही. खर्च चौघांत वाटला की शेअर ऑटोपेक्षा थोडाच जास्त येतो. मेट्रोचे कार्ड काढून घ्यावे, रांग टळते आणि विद्यार्थ्यांच्या सवलतीचीही स्थानकावर चौकशी करावी. मुलीला पाठवण्याआधी आई, दादी, सगळ्यांनी एकदा तो रस्ता त्याच वेळेला स्वतः पाहावा. घरात बसून घातलेली भीती आणि घरात बसून दिलेला धीर, दोन्ही अर्धवट असतात.

प्रवेश मुदतीच्या आदल्या दिवशी झाला. पहिल्या आठवड्यात थोरली परत येईपर्यंत दादी दाराशी खुर्ची टाकून बसत. हल्ली खुर्ची आत असते, पण सव्वासात वाजले की त्यांची तसबीह थांबते आणि कान रस्त्याकडे लागतात.

त्या सल देणाऱ्या विद्यार्थिनीच्या घरी आम्ही मागच्या महिन्यात पुन्हा गेलो. तिची मुलगी आता पहिलीत आहे. या वेळी चहाबरोबर आम्ही तिच्यासाठी मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्जही नेला होता. तिने तो वाचून ठेवून घेतला आणि म्हणाली, "सासूबाईंना विचारते." आम्ही म्हटले, सासूबाईंनाही घेऊन एका रविवारी अंबाझरीला चला. रस्ता आम्हाला माहीत आहे.