आत्मरक्षणासाठी काडतुसाची निवड : दक्षिण व मध्य मुंबईच्या वस्तीच्या संदर्भात

प्रस्तावना :
आत्मरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर अथवा पिस्तूल बाळगणाऱ्याने कोणते काडतूस वापरावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे होते. तेथे हल्लेखोराला थोपविण्याची गोळीची क्षमता केंद्रस्थानी असते. गिरगावातील चाळीत मात्र लाकडी पार्टिशनपलीकडे दुसरे कुटुंब झोपलेले असते. त्यामुळे गोळी कोठे थांबेल, हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

निवडीची मर्यादा :
शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये मुंबईत पोलीस आयुक्तांकडून परवाना मिळतो. ९ मि.मी. हे सैन्य व पोलिसांचे काडतूस निषिद्ध बोअरमध्ये मोडत असल्याने सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला प्रामुख्याने .३२ बोअर येतो. या बोअरची काडतुसे खडकी येथील दारूगोळा कारखान्यात तयार होतात. १८६९ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीचा भाग आहे.

येथे एक घोटाळा संभवतो. '.३२' या एकाच नावाखाली दोन भिन्न काडतुसे येतात. रिव्हॉल्व्हरच्या 'एस. अँड डब्ल्यू. लाँग' काडतुसाचे कवच सुमारे २३ मि.मी. लांब असून त्याला स्पष्ट कडा असते, पिस्तुलाच्या 'ए.सी.पी.' काडतुसाचे कवच सुमारे १७ मि.मी. भरते. ही काडतुसे परस्परांऐवजी वापरणे असुरक्षित आहे. म्हणून खरेदी करताना केवळ बोअर न सांगता काडतुसाचे पूर्ण नाव सांगणे आवश्यक ठरते.

शक्ती आणि भेदन :
रिव्हॉल्व्हरची सुमारे ६.३ ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला साधारण २१५ मीटर वेगाने निघते. तिची ऊर्जा सुमारे १५० ज्यूल होते. ९ मि.मी.ची ऊर्जा याच्या जवळजवळ तिप्पट असते. १९८६ मधील मायामी येथील चकमकीनंतर अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच भेदन हा निकष स्वीकारला. कारण उघड आहे : जखम रुंद असली तरी ती मर्मस्थानापर्यंत पोहोचली नाही तर हल्ला थांबत नाही.

पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरल्यावर फुलते व बहुधा आरपार जात नाही. युद्धात अशा गोळीवर १८९९ च्या हेग घोषणेने बंदी घातली. त्या वादाच्या मुळाशी कलकत्त्याजवळील डमडमची गोळी होती. ही बंदी पोलिसांना लागू नाही. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९८ मध्ये हीच गोळी स्वीकारली, आणि त्यामागे बघ्यांना इजा होऊ नये हाही हेतू होता. परंतु .३२ च्या अल्प ऊर्जेत अशी गोळी पुष्कळदा फुलत नाही, किंवा फुलली तर पुरेशी खोल जात नाही. त्यामुळे आपल्याकडे सर्वसाधारणपणे मिळणारी गोल टोकाची गोळी केवळ नाइलाज म्हणून पत्करावी लागते, असे समजण्याचे कारण नाही.

वस्ती आणि कायदा :
कमी ऊर्जेची असली तरी ही गोळी लाकडी फळीतून सहज पलीकडे जाते. १९२० च्या दशकातील बी.डी.डी. चाळींच्या काँक्रीटच्या भिंती तिला अडवू शकतात; दारे, खिडक्या व सामायिक गॅलरी मात्र अडवीत नाहीत. लालबागच्या गणेशोत्सवातील गर्दीत किंवा दादर स्थानकाच्या पुलावर तर कोणतेही काडतूस 'योग्य' म्हणता येणार नाही. तेथे गोळीच्या प्रकारापेक्षा गोळी न झाडण्याचा निर्णय महत्त्वाचा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ अन्वये बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते. कलम ४४ याहून सूक्ष्म आहे. मृत्यूची वाजवी भीती निर्माण करणारा हल्ला झाला असेल आणि निरपराध व्यक्तीला धोका न पोहोचविता प्रभावी बचाव शक्यच नसेल, तर तो धोका पत्करण्यापर्यंत बचावाचा हक्क पोहोचतो. हे संरक्षण 'शक्यच नसेल' या अटीवर उभे आहे. शेजारच्या खोलीच्या दिशेने गोळी झाडणाऱ्याला दुसरा मार्ग खरोखर नव्हता काय, हे न्यायालय तपासणारच.

साठवण :
मुंबईच्या दमट हवेत पितळी कवचावर हिरवट गंज चढतो. असे काडतूस ऐनवेळी न उडण्याचा संभव असतो. काडतुसे चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे ठेवू नयेत. कोरड्या, कुलूपबंद पेटीत ठेवून पावसाळ्यापूर्वी व नंतर ती तपासावीत. जुनी काडतुसे परवान्यातील संख्येत मोजली जातात, हेही ध्यानात ठेवावे.