कुडाची भिंत आणि आपलें घर

दसरा उलटून दिवाळी आठ-पंधरा दिवसांवर आली कीं आपल्यापैकीं बहुतेकांची दृष्टि आपोआप घराच्या भिंतींकडे वळते. पावसाळ्यानें कोठें पोपडे काढलेले असतात, कोठें ओलीचा डाग छतापासून खिडकीपर्यंत उतरलेला असतो, तर कोठें मोरीलगतच्या भिंतीला लोणा धरलेला असतो. मग रंगारी बोलावला जातो. तो एक आंकडा सांगतो, तो ऐकून घरधनी आणि घरधनीण एकमेकांकडे पाहतात, आणि शेवटीं असें ठरतें कीं या खेपेस हें काम आपणच घरच्या घरीं करावें. हा विचार स्तुत्य आहे. मी आयुष्यभर शाळामास्तरकी केलेला माणूस आहें. माझें शिक्षण मॅट्रिकपलीकडे फारसें गेलें नाहीं, आणि घर रंगविण्यासाठीं दुसऱ्यास पैसे मोजावे इतकी शिल्लक माझ्या गांठीं कधीं नव्हती. त्यामुळें हातांत थापी आणि कुंचा धरण्याची मला संवय आहे. परंतु या कामांत मीं केलेली एक मोठी चूक मला जें शिकवून गेली, तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. तें थोडक्यांत असें: दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं भिंतीचा स्वभाव ओळखावा, आणि भिंतीहून कठीण असा पदार्थ तिच्या अंगाला लावूं नये.

ही चूक मीं जेथें केली तें गांव म्हणजे जव्हार तालुक्यांतील साखरशेत. जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे राजघराण्याचें संस्थान होतें. पुढें तो मुलूख ठाणें जिल्ह्यांत गेला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत मोडतो. प्रदेश डोंगराळ, वस्ती बहुतेक वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांची, आणि पाऊस असा कीं चार महिन्यांत सरासरी अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी कोसळतें. अशा पावसांत येथील लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या सिमेंटवांचून घरें उभीं केलीं. तीं कशीं, हें पाहण्याजोगें आहे.

प्रथम लांकडाच्या मेढी जमिनींत पुरतात. त्यांवर आढें, आढ्यावरून वांसे, आणि वांशांवर गवताचें किंवा कौलांचें छप्पर. म्हणजे छपराचा भार मेढी उचलतात. भिंत ही केवळ आडोसा असते. हा आडोसा कारवीचा करतात. कारवी हें सह्याद्रीच्या उतारांवर दाट माजणारें झुडूप. तें सात-आठ वर्षांनीं एकदां फुलतें आणि बीं धरल्यावर मरतें. त्याच्या बोटाएवढ्या जाडीच्या सरळ काठ्या एकीस एक लावून उभ्या करतात आणि बांबूच्या आडव्या कामट्यांनीं त्या आवळतात. यासच कुड म्हणावयाचें. या कुडावर माती, शेण आणि भाताचें तूस किंवा बारीक पेंढा यांचा चिखल लिंपतात. माती वाळतांना आक्रसते आणि तडकते. तूस व पेंढा तिला धरून ठेवतात. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून छप्पर बरेंच पुढें काढतात, आणि पावसाच्या माऱ्याच्या बाजूस गवताचा आडोसा उभा करतात.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं मी तेथें शाळेवर असतांना अशाच एका घराच्या दोन खोल्यांत भाड्यानें राहत असें. दर पावसाळ्यांत मातीचा लेप कांहीं ठिकाणीं धुऊन जाई, आणि घराची मालकीण तो दिवाळीपूर्वीं पुन्हां लिंपून देई. ती वयस्क होती. आम्ही तिला मावशी म्हणत असूं. हें दरवर्षींचें काम मला अडाणीपणाचें वाटलें. एका उन्हाळ्याच्या सुट्टींत मीं सिमेंटचीं दोन पोतीं आणलीं आणि बाहेरच्या बाजूस चांगला जाड गिलावा स्वहस्तें केला. मावशी पाहत उभी होती, पण कांहीं बोलली नाहीं. गुरुजी शिकलेले, त्यांना आपण काय सांगावें, असें तिला वाटलें असावें.

पहिला पावसाळा उत्तम गेला, आणि मीं शाळेंतील सोबत्यांस मोठ्या ऐटीनें ती भिंत दाखविली. दुसऱ्या पावसाळ्यांत गिलाव्याला केसासारख्या चिरा पडल्या. तिसऱ्या वर्षीं श्रावणांत एका दुपारीं कुडाचा एक अख्खा भाग आंतल्या बाजूस कोसळला. माझी मुलगी रोज त्याच भिंतीशीं बसून पाढे लिहीत असे. त्या दुपारीं ती अजून शाळेंतून यावयाची होती. तेथें ठेवलेली तिची पाटी मात्र गिलाव्याच्या ढेपेखालीं फुटली. मीं ती ढेप उलटून पाहिली, तों आंतील कारवीचा भुगा झालेला आणि उरल्यासुरल्यास वाळवी लागलेली. मावशी एवढेंच म्हणाली, "गुरुजी, ओलं लांकूड पोत्यात कोंडलं तर कुजणारच." मग तिनें आणि तिच्या सुनेनें दोन दिवसांत नवी कारवी लावून तो भाग लिंपून काढला. मेढी शाबूत होत्या म्हणून छप्पर जागचें हललें नाहीं.

मावशीच्या त्या बोलण्यांत सारें शास्त्र आलें आहे. मातीचा लेप सच्छिद्र असतो. पावसाचें पाणी त्यांत थोडें मुरतें, परंतु ऊन-वारा लागतांच तें त्याच वाटेनें वाफ होऊन बाहेर पडतें. शिवाय कुड आणि माती हीं ओलीनें किंचित फुगतात व सुकल्यावर आक्रसतात. सिमेंटचा ताठ थर त्यांच्याबरोबर हलत नाहीं. म्हणून तो चिरतो. चिरेवाटे पाणी आंत जातें, पण बाहेर पडावयास त्यास पुरेशी वाट राहत नाहीं. आंत ओल आणि काळोख असल्यावर बुरशीला आणि वाळवीला आणखी काय हवें?

आतां आपण म्हणाल, आम्ही शहरांत राहणारे. आमच्या घरीं कारवीचा कुड कोठून असणार? पण जुन्या वाड्यांत किंवा चाळींत राहणाऱ्यांनीं थोडा विचार करावा. पोर्टलंड सिमेंटचें पेटंट इंग्लंडांत १८२४ सालीं घेतलें गेलें, आणि भारतांत त्याचें उत्पादन पोरबंदर येथें १९१४ च्या सुमारास चालू झालें. त्यापूर्वींच्या आपल्याकडील भिंती चुन्यांत किंवा मातींत बांधलेल्या आहेत. त्याही कुडाप्रमाणेंच ओल घेतात आणि सोडतात. अशा भिंतीवर सिमेंटचें ठिगळ लावलें, तर ओल ठिगळाच्या कडेनें वाट काढते, पाण्याबरोबर आलेले क्षार तेथें साठून त्यांचे स्फटिक होतात, आणि शेजारची चांगली वीट भुगा होऊन गळूं लागते. दोन वर्षांनीं ठिगळ शिल्लक राहतें आणि भिंत जाते! अशा ठिकाणीं चुन्याचाच गिलावा करावा. तो भिंतीहून मऊ असल्यामुळें झीज आपल्या अंगावर घेतो, आणि तो पुन्हां करणें भिंत पुन्हां बांधण्यापेक्षां केव्हांही स्वस्त पडतें. उलट ज्यांचें घर सिमेंट-काँक्रीटचें आहे, त्यांनीं सिमेंटचाच गिलावा वापरावा. स्वभाव ओळखावा म्हणतों तो याच अर्थानें.

ओल कोठून येते हें ओळखण्याची एक बिनखर्ची युक्ति सांगतों. स्वयंपाकघरांतील अल्युमिनियमच्या कागदाचा वीतभर चौकोन घ्यावा. भिंतीच्या डागाची जागा कोरड्या फडक्यानें पुसून तो तिच्यावर ठेवावा, चारी कडा चिकटपट्टीनें घट्ट बंद कराव्यात आणि दोन दिवसांनीं पाहावें. दंव कागदाच्या बाहेरच्या अंगास असेल, तर ओल खोलींतील हवेची. तेथें खिडकी उघडी ठेवणें आणि ओले कपडे खोलींत न वाळविणें हाच उपाय. दंव आंतल्या अंगास असेल, तर ओल भिंतींतूनच येत आहे. मग नळ, मोरी, गच्ची किंवा पन्हळ यांपैकीं दोष कोठें आहे तें शोधावें. तो दूर होऊन भिंत सुकेपर्यंत रंगास एक पैसाही खर्चूं नये.

चुन्याची सफेती हें घरीं करण्याजोगें सर्वांत स्वस्त काम. एक किलो कळीच्या चुन्यास सुमारें पांच लिटर पाणी या मानानें चुना विरवतात, एक दिवस मुरूं देतात आणि फडक्यांतून गाळून त्यांत भिजवलेला डिंक मिसळतात. परंतु विरतांना चुना उकळीइतका तापतो व उडतो. म्हणून घरच्या कामास बाजारांतील विरवलेल्या चुन्याची पूड आणावी, हें बरें. ती ताकासारखी पातळ कालवावी. भिंत झाडून, पाण्यानें ओलसर करून, एक-एक दिवसाच्या अंतरानें तीन पातळ हात द्यावेत. ओला असतांना हा लेप जवळजवळ दिसत नाहीं. म्हणून नवशिका माणूस घाबरून जाड थर देतो आणि तोच पुढें पोपडे होऊन पडतो. धीर धरावा. चुना हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु शोषून हळूहळू पुन्हां दगड बनतो, आणि सुकतां सुकतां पांढरा होतो. रंग हवा असल्यास त्यांत गेरू घालावा, मात्र चुन्याच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नको. तेलाच्या किंवा प्लास्टिकच्या रंगावर चुना धरत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

येथें दोन सूचना कळकळीनें करतों. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जाऊं शकतो. डोळ्यांस चष्मा, हातांत मोजे हवेत, मुलें दूर हवींत; आणि थेंब उडालाच तर स्वच्छ पाण्यानें डोळा बराच वेळ धूत राहून लगेच डॉक्टर गांठावा. दुसरें असें कीं, जुना तेलरंग कोरडा खरवडूं नये. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला. त्यापूर्वींच्या रंगांत शिसें पुष्कळ असूं शकतें आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस घातक असते. पृष्ठभाग ओला ठेवून खरवडावें आणि निघालेला चुरा ओल्या फडक्यानें टिपून घ्यावा.

लिंपण्याची हीच विद्या लहान वस्तूंसही उपयोगी पडते. रद्दी कागद दोन-तीन दिवस भिजवून, त्यांत भिजलेली मेथी घालून लगदा वाटावयाचा आणि विरविरीत झालेल्या सुपास किंवा टोपलीस त्याचा लेप द्यावयाचा, हें आपल्या आज्या-पणज्या करीत असत. मेथीचा चिकटपणा कागदास धरून ठेवतो. बांबू लवचिक, म्हणून त्याचा लेपही हलका! जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवांत देवदेवतांचे जे मुखवटे नाचवितात, त्यांतही लांकडाच्या जोडीला कागदाच्या लगद्याचे मुखवटे असतात, कारण ते चेहऱ्यावर बांधून रात्रभर नाचावयाचें असतें.

वारली घराच्या भिंतीवरील चित्रें आपण पाहिलीं असतील. तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानें, टोंक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीनें, लग्नाच्या वेळीं सुवासिनी पालघट देवीचा चौक लिहीत. डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा मशे यांनीं ही कला कागदावर आणि जगभर नेली. त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली आणि २०१८ सालीं ते निवर्तले. पण मूळ भिंतीवरचें चित्र पुढच्या सारवणाखालीं जाई, आणि त्याचें कोणास दुःख नसे. भिंत पुन्हां व्हावयाचीच, हें त्या घरांत गृहीत धरलेलें असे.

कुडाचें हें कौतुक ऐकून कोणी असें समजूं नये कीं साखरशेतच्या लोकांनीं कुडांतच राहावें. गवताच्या छपरास आग लागते. आणि दरवर्षींचें लिंपणें फुकट दिसलें तरी त्याची किंमत बायकांच्या पाठीनें आणि मनगटांनीं दिलेली असते. सरकारी घरकुल योजनेंतून तेथें पक्कीं घरें होत आहेत, आणि तीं मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. माझी चूक पक्कें घर मागण्याची नव्हती. कुड तसाच ठेवून त्यावर पक्केपणाचें सोंग चढविण्याची ती होती.

तेव्हां श्रोतेहो, या दिवाळीस कुंचा हातीं घेण्यापूर्वीं भिंतीवर एकदां हात फिरवा, बोटांनीं टकटक करून आवाज ऐका, ओल कोठून येते तें पाहा. आणि घरांत कोणी वडीलधारें माणूस, किंवा कामाला येणारी एखादी मावशी, गप्प उभें राहून आपलें काम पाहत असेल, तर क्षणभर थांबून त्यांचें मत विचारा. मीं तें विचारलें असतें, तर एक पाटी वांचली असती.