चिलटाचे जास्तीचे कंगवे

घाटकोपरच्या आमच्या स्वयंपाकघरात केळ्यांचा फणा दोन दिवस राहिला की चिलटं हजर. प्रयोगशाळेतली ‘फळमाशी’, म्हणजे ड्रोसोफिला, ती हीच. आंब्यात अळ्या करणारी फळमाशी निराळी. नावामुळे तिथेच पहिला घोळ होतो.

नर चिलट सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर पुढच्या दोन पायांवर राठ काळ्या केसांचे कंगवे दिसतात. फक्त पुढच्याच. १९४७ साली पामेला लुईस यांना मागच्या पायांवरही कंगवे असलेले नर सापडले. त्यांच्यात बिघडलेलं जनुक ते ‘पॉलिकोंब’, अनेक कंगवे. ‘बंद जनुक म्हणजे नाहीसं झालेलं जनुक’ हा समज इथेच निकालात निघतो. मागच्या पायात कंगवा घडवणारं जनुक नसतंच, तर कंगवा उगवला कुठून? ते शाबूत असतं, पॉलिकोंब गटातली प्रथिनं त्याला मिटून ठेवतात.

जनुक मिटवणारा मिथाइलचा शिक्का डीएनएवर बसतो, असं सर्रास सांगितलं जातं. माणसात बसतोही, चिलटात जवळपास नाहीच. पॉलिकोंबचा शिक्का निराळा: डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, त्यांतल्या एच३च्या शेपटीवर, २७व्या लायसिनवर, तीन मिथाइल चिकटतात. ही नुसती खूण नव्हे. २०१३ साली संशोधकांनी ते लायसिनच बदललं. शिक्क्याला जागा उरली नाही आणि पॉलिकोंब बिघडल्यासारखीच जनुकं उघडी पडली.

कुठे काय बंद हे पॉलिकोंब ठरवतं, हेही खरं नाही. ते कोवळ्या भ्रूणातली दुसरी प्रथिनं ठरवतात आणि काही तासांत निघून जातात. पॉलिकोंब आमच्या सोसायटीच्या वॉचमनसारखा: नियम कमिटीचा, कमिटी गेली तरी वही याच्याकडे. पण वही आपोआप उतरत नाही. पेशी दुभंगते तेव्हा शिक्के मारलेली जुनी रिळं दोन्ही नव्या पेशींत वाटली जातात. पॉलिकोंबला बोलावणारा डीएनएचा तुकडा कापून काढला, तर काही विभाजनांत शिक्के विरळ होऊन जनुक उघडतं, हे २०१७मध्ये दिसलं.

पंखांमागच्या दोन इवल्या गाठी, संतोलक, घडतात यूबीएक्स जनुकामुळे. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत एल. एस. शशिधर यांनी त्यावर बरंच काम केलं. पंखात हेच जनुक बंद लागतं. तिथे पॉलिकोंब हटलं की पंख संतोलकाच्या वळणावर जातो.

‘माशीचं आम्हाला काय?’ शिक्का मारणाऱ्या एन्झाइमचं माणसातलं भावंड ईझेडएच२; त्याला रोखणारं टॅझेमेटोस्टॅट हे औषध २०२०मध्ये अमेरिकेत सार्कोमा या कर्करोगाच्या एका विरळ प्रकारासाठी मंजूर झालं.