एका शाळकरी मुलीची रोजनिशी

दहा-बारा वर्षांच्या मुलींनीं काय वाचावें, हा प्रश्न सुविद्य कुटुंबांतून नेहमींच निघतो. हल्लीं या वयाच्या पुष्कळ मुली ‘डॉर्क डायरीज’ ही इंग्रजी विनोदी पुस्तकमाला आवडीनें वाचतात, आणि वडील मंडळी नाकें मुरडतात. तसें करण्यास जागा आहे. भाषा उथळ, उद्गारचिन्हांची रेलचेल, आणि कपड्यालत्त्यांच्या गप्पा पानोपानीं! तथापि तेवढ्यावरच निकाल देणें न्यायाचें होणार नाहीं, असें आमचें मत आहे.

ही माला अमेरिकेंतील. लेखिका रेचल रेने रसेल या व्यवसायानें वकील. पहिलें पुस्तक २००९ सालीं निघालें. नायिका निकी मॅक्सवेल ही आठव्या इयत्तेंतील मुलगी. तिला हवा असतो नवा फोन, आणि आई आणून देते कोरी रोजनिशी! त्या रागांतच लेखनास आरंभ होतो. शाळा श्रीमंतांची, हिच्या वडिलांचा धंदा मात्र झुरळें व किडे मारण्याचा. शाळेचें तें काम त्यांनीं पत्करलें, म्हणूनच हिला तेथें शिष्यवृत्ति मिळालेली. हें गुपित फुटेल आणि तोऱ्यानें मिरवणारी मॅकेन्झी तें गांवभर करील, या भीतीनें हिचा जीव टांगणीस लागतो.

भरतमुनींनीं हास्य दोन प्रकारचें सांगितलें आहे: स्वतः हसणें तें आत्मस्थ, दुसऱ्यास हसविणें तें परस्थ. या रोजनिशींत दोन्ही एकत्र नांदतात. वर्गांत जी फजिती सोसवत नाहीं, तीच निकी चित्रांसह तिखटमीठ लावून लिहिते; आधीं आपण हसते, मग आपणांस हसविते. आमच्या घरांतूनही डब्यांतल्या भाजीवरून किंवा थोरल्या बहिणीच्या जुन्या झग्यावरून शाळेंत हसें झालेली मुलगी घरीं येऊन मुकाट्यानें जेवते, आणि कोणास कांहीं कळत नाहीं. अशा मुलीला निकीची सोबत लहानसहान नव्हे.

मैत्रीचें चित्रही खरें उतरलें आहे. निकी, क्लोई आणि झोई शाळेच्या ग्रंथालयांत पुस्तकें जागेवर लावतात. काम करतां करतां त्यांची गट्टी जमते. तेथें ऐपत कोणी विचारीत नाहीं.

एक वैगुण्य मात्र सांगितलें पाहिजे. रोजनिशी म्हणजे एकाच पक्षाची साक्ष. तींत मॅकेन्झी केवळ खाष्टच दिसावयाची. पण २०१५ सालच्या नवव्या पुस्तकांत ती वही मॅकेन्झीच्याच हातीं पडते, आणि तीही त्यांत आपलें म्हणणें लिहूं लागते. वकिलीण बाईंनीं प्रतिपक्षाचीही जबानी घेतली म्हणावयाची! तें पुस्तक मुलींनीं अवश्य वाचावें, आणि आपल्या वर्गांतील ‘मॅकेन्झी’ आपल्याविषयीं काय लिहील, याचा विचार करावा.

आयांना आमची सूचना इतकीच. हें पुस्तक मुलीस वाचूं द्यावें, आणि सोबत एक कोरी वही द्यावी. ती भरूं लागली म्हणजे मात्र आपण होऊन उघडूं नये; मुलगी स्वतः वाचून दाखवील, तेव्हां ऐकावी आणि तिच्याबरोबर मनमोकळें हसावें.