ट्रॅक्टरचा ब्लॉक फुटला तर



आपला गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, तरी दोन्हीकडचे मुख्य पीक धानच. पऱ्हे उपटायला आले आहेत, बांधीत पाणी साठले आहे, रोवणीच्या बायाही ठरल्या आहेत. अशा ऐन वेळी चिखलणी करता करता जुना ट्रॅक्टर उकळू लागतो. मिस्त्री येतो, इंजिनाभोवती फिरून पाहतो आणि म्हणतो, "ब्लॉक फुटला, भाऊ." हे ऐकले की पोटात गोळा येतो. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा सांगाडाच. तो गेला म्हणजे ट्रॅक्टर भंगारात घालायचा काय? तसे नाही. चीर कोठे पडली आहे, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे.

आधी धातू समजून घेऊ. ब्लॉक बहुधा बिडाचा असतो. बीड वितळले की साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात सहज भरते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडीला कारखाना मांडला आणि लोखंडी नांगर घरोघर पोचवले, तेही या ओतकामाच्या बळावर. पण बिडात कार्बन शेकडा अडीच ते चार इतका असतो आणि त्याचे पातळ पापुद्रे धातूभर पसरलेले असतात. म्हणून बीड दाब भरपूर सोसते, ताण मात्र सोसत नाही. ते वाकत नाही, तडकते.

आता ते तडकते कशाने? थंड मुलुखात इंजिनातल्या पाण्याचे बर्फ होते, ते सुमारे नऊ टक्के फुगते आणि ब्लॉक फोडते. आपल्याकडे उलटे आहे, येथे घात उष्णतेने होतो. रेडिएटरच्या जाळीत चिखल, तणस नि कोंडा अडकतो, पंख्याचा पट्टा ढिला होतो, जड पाण्याचे क्षार आतल्या कप्प्यांत साचतात. इंजिन तापते, पाणी उडून जाते, आणि घाईत कोणी त्यावर बादलीभर गार पाणी ओततो. एक बाजू झटकन आकसते, दुसरी तशीच तापलेली राहते. मग चीर पडायला कितीसा वेळ?

पण मिस्त्रीने म्हटले म्हणून लगेच ब्लॉकच फुटला असे धरू नका. तेल दुधट होणे, रेडिएटरात बुडबुडे येणे, पाणी वरचेवर कमी होणे ही लक्षणे हेडचे गॅसकेट जळाल्यानेही होतात, हेडला तडा गेल्यानेही होतात. लायनरभोवती पाणी खेळत असेल, तर त्याखालची रबरी कडी खराब झाली तरी तेलात पाणी उतरते. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे व्हायचे! ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा. सकाळी तेलाच्या चेंबरचा खालचा नट अगदी थोडा सैल करा. पाणी तेलाहून जड, म्हणून आत असेल तर आधी तेच ठिबकेल. तसे दिसले तर इंजिन पुन्हा चालू करू नका, बेअरिंगे जातील.

चीर शोधण्याची जुनी युक्ती अशी. जागा घासून स्वच्छ करा, रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडी पुसा आणि खडूची भुकटी चोळा. चिरेत मुरलेले रॉकेल भुकटीत उमटते आणि रेघ दिसते. आतली चीर पाण्याचा दाब देऊन वर्कशॉपमध्ये तपासावी लागते.

बाहेरच्या पाण्याच्या कप्प्यावर चीर असेल तर दुरुस्ती सहसा होते. प्रथम चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडतात, म्हणजे ती पुढे सरकत नाही. त्यानंतर तीन वाटा आहेत. पहिली टाके घालण्याची. चिरेवर भोके पाडून आटे कापायचे, त्यांत खिळे पिळायचे, आणि प्रत्येक नवे भोक आधीच्या खिळ्याला थोडे चावेल असे घ्यायचे. यात उष्णता लागत नाही, म्हणून ब्लॉक वाकण्याचे भय नाही. दुसरी वाट निकेलच्या रॉडने वेल्डिंग करण्याची. एका वेळी इंचभरच भरायचे, गरम असतानाच हलके ठोकायचे, आणि हाताला सोसवेल इतके निवल्यावर पुढचा इंच. तिसरी वाट म्हणजे सगळा ब्लॉक भट्टीत पाचसहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बिडाच्याच कांडीने भरणे आणि राखेत पुरून सावकाश निववणे. हे जाणत्याचेच काम. एकाच ठिकाणी भराभर वेल्डिंग मारणाऱ्याच्या हाती ब्लॉक देऊ नका. जुन्या चिरेशेजारी नवी पडते.

सिलिंडरच्या आतल्या चिरेवर जागा पाहून नवा लायनर बसवता येतो. परंतु क्रँकच्या मुख्य बेअरिंगांच्या बैठकीत चीर असेल, तर तेथे इंजिनाचा सगळा धक्का येतो. अशा वेळी दुसरा ब्लॉक पाहावा हेच बरे. रेडिएटरात ओतायची चीर बुजवणारी औषधे ही तात्पुरती सोय. शिवाय त्यांनी रेडिएटरच्या नळ्या तुंबू शकतात.

काम झाल्यावर पाण्याच्या दाबाची चाचणी डोळ्यांसमोर करून घ्या. हेड बसते ती बाजू सपाट आहे की नाही हे पट्टी लावून पाहा. नवे तेल भरा, थोडे चालवून तेही बदला.

शेवटी सांगायचे ते इतकेच. चिखलणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी रेडिएटरची जाळी धुवा, सकाळी पाणी नि पट्टा पाहा. इंजिन उकळलेच तर भार काढा. पाणी संपले असेल तर इंजिन बंद करून निदान पाऊण तास निवू द्या. मग टोपणावर जाड फडके धरून ते हळूच सैल करा आणि पाणी थोडे थोडे ओता. तो पाऊण तास फार वाटतो खरा. पण ब्लॉक उतरवून वर्कशॉपला न्यायचा म्हटला, तर तेवढ्यात रोवणीचा हंगाम निघून जातो.