घरच्या वाफ्यांत तेरडा

तेरडा हें आपल्या देशांतील पावसाळी रानफूल होय. सातबाऱ्याच्या उताऱ्यांत कापूस, तूर, ज्वारी यांची नोंद होते; रानफुलाची होत नाहीं. म्हणून एखाद्या माळावरून तें नाहींसें झालें तरी कोणास कळत नाहीं.

कोंकणांत व घाटाकडे पुष्कळ घरीं भाद्रपदांत तेरड्याचीं रोपें मुळांसह आणून गौरी म्हणून पुजितात. आपल्याकडे बहुधा मुखवट्यांच्या महालक्ष्म्या बसतात. प्रथा दोन्ही चांगल्या. परंतु तेरड्याचें आयुष्य एका पावसाळ्याचें असतें. बीं गळण्यापूर्वीं सारीं रोपें उपटलीं, तर पुढील वर्षीं त्या जागीं उगवणार काय? यास्तव रानांतून रोप न आणितां मूठभर बीं आणावें आणि तेरडा घरींच वाढवावा.

बीं धरण्यास मात्र युक्ति लागते. तेरड्याचें बोंड पिकलें कीं नुसत्या स्पर्शानें फुटतें. त्याच्या पांच पाकळ्या आंत वळतात व बीं दूर उडतें. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यानें १७५३ सालीं ह्या झाडास दिलेल्या शास्त्रीय नांवांतील ‘इम्पेशन्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अधीर’ असाच आहे. बोंड फुगून त्याचा हिरवा रंग पिंवळट होऊं लागतांच तें ओंजळींत धरून खुडावें, किंवा त्यावर पातळ कापडाची पिशवी बांधावी. बीं सावलींत सुकवून कागदाच्या पुडींत ठेवावें व पुडीवर साल लिहावें.

पालमच्या आसपासची काळी जमीन पाणी धरून ठेवते. तेरड्याची दांडी रसाळ असल्यानें पाणी सांचल्यास ती बुडाशीं कुजते. म्हणून वीतभर उंच वाफा करून मातींत वाळू व कुजलेलें शेणखत मिसळावें. खत फार झाल्यास पानेंच माजतात. सकाळचें ऊन व दुपारची सावली मिळेल अशी जागा उत्तम.

मृगाचा पाऊस चांगला झाल्यावर बीं विरळ पेरून वर बोटभरही नव्हे, अगदीं पातळ माती पसरावी. आठदहा दिवसांत तें उगवतें. रोपें चार बोटें उंच झालीं कीं वीतवीत अंतर राखून बाकीचीं काढावींत. पावसानें उघडीप दिल्यास पाणी द्यावें. हें झाड तहान सोसत नाहीं. सुमारें दोन महिन्यांत फुलें येऊं लागतात.

दुहेरी फुलांचा बागेंतील तेरडा याच जातीचा आहे. मधमाशा पराग नेत असल्यानें दोन्हींचा संकर होतो; रानचें बीं शुद्ध हवें असल्यास ते दूरदूर लावावेत.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एका फुलापुरती खरी. झाड कित्येक आठवडे फुलत राहतें. वाचकबंधूंनीं पूजेसाठीं हवीं तितकीं रोपें घ्यावींत, परंतु उत्तम अशीं दोनचार झाडें बियांसाठीं वाफ्यांतच राखावींत. पुढील मृगास तीच आपली पेरणी होय.