हाड मोडलं तर कांडवेल पुरेल का?

तायांनो, बांधावरून घसरून हात मोडला की पहिलं नाव निघतं ते कांडवेलीचं, म्हणजे आपल्या हाडजोडीचं. वेल खोटी नाही, आयुर्वेदात ती आहेच. पण सरकलेलं हाड कुठलाही लेप जागेवर आणत नाही. आधी एक्स-रे, मग प्लास्टर. कुणी कामट्या लावून घट्ट बांधलं आणि बोटं निळी पडली, बधिर झाली, तर पट्टी लगेच सैल करा आणि तसंच दवाखाना गाठा. उशीर झाला तर हात जायची वेळ येते.

हाड भरायला कॅल्शियम लागतं, दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं. जोडीला तिळाची चटणी, दूध, डाळ, अंडं. प्लास्टर आहे म्हणून घरातच बसू नका, ऊन अंगावर घ्या; ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. चुना मात्र चाटू नका, तोंड भाजतं.

कॅल्शियमची गोळी जेवणानंतर घ्या. लोहाची गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. मुतखडा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मिश्री? तेवढी सोडाच, तंबाखूने हाड उशिरा जुळतं.

मनगटाला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर हंडा घरातल्या पुरुषांना उचलू द्या.